नाव, वर्ष, अंक, पान : शोधपत्रिकेचा मेटाडेटा अचूक ठेवायची रीत

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका प्राध्यापिकेचा फोन आला. बढतीच्या फाइलला प्रकाशित लेखांची यादी जोडायची होती आणि आमच्या शोधपत्रिकेतला तिचा लेख गूगल स्कॉलरवर तिच्या नावाखाली येतच नव्हता. लेख जागेवर होता, पीडीएफ नीट उघडत होती. लेखकाच्या रकान्यात मात्र पहिलं नाव म्हणून 'प्रा' आणि आडनाव म्हणून तिच्या वडिलांचं नाव पडलं होतं. लेख चढवताना आम्हीच रकाने चुकवले होते. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. ती सगळीकडे पोचायला सात-आठ महिने गेले आणि तोवर तिच्या मुलाखतीची तारीख येऊन गेली होती.

मी नागपूरच्या एका महाविद्यालयाच्या शोधपत्रिकेचं ऑनलाइन काम बघते. त्या फोननंतर आम्ही कामाची जी पद्धत बसवली, ती इथे क्रमाने सांगते. विदर्भात विद्यापीठांच्या, महाविद्यालयांच्या, संशोधन मंडळांच्या कितीतरी पत्रिका एक-दोन माणसांच्या बळावर चालतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. हे काम आता जास्त निकडीचं झालंय. यूजीसी-केअर ही मान्य शोधपत्रिकांची यादी २०१९ साली सुरू झाली आणि २०२५च्या फेब्रुवारीत यूजीसीने ती बंद केली. कोणती पत्रिका चांगली हे संस्थांनी आपापल्या पातळीवर ठरवायचं आहे. अशा वेळी समितीतला माणूस सर्वांत आधी संगणकावर तुमच्या पत्रिकेची नोंद उघडून बघतो.

लेखाचं शीर्षक, लेखक, त्यांच्या संस्था, वर्ष, अंक, पानं, तारीख, सारांश, बीजशब्द, संदर्भ, परवाना, डीओआय (लेखाचा कायमचा क्रमांक) या सगळ्याची जी नोंद यंत्राला वाचता येते, ती म्हणजे मेटाडेटा. तुम्ही ओजेएस (पत्रिका ऑनलाइन चालवायची संगणकप्रणाली) वापरत असाल तर ही नोंद तिथे एकदा भरली जाते आणि तिथून चार वाटांनी बाहेर पडते. पानाच्या आतल्या टॅगमधून गूगल स्कॉलर ती उचलतं, ओएआय-पीएमएच या नोंदी पुरवण्याच्या ठरलेल्या वाटेने इतर सूची उचलतात, डिपॉझिट केल्यावर, म्हणजे रीतसर पाठवल्यावर, डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे जाते आणि तुमची पत्रिका डीओएजेमध्ये (खुल्या शोधपत्रिकांची सूची) असेल तर तिथेही पाठवावी लागते. म्हणून आमचा नियम एकच आहे : मूळ नोंद ओजेएसमधली. चूक कुठेही दिसो, दुरुस्ती मुळात करायची आणि तिथून पुन्हा पुढे पाठवायची. कुणी क्रॉसरेफवर हाताने सुधारणा केली आणि ओजेएस तसंच ठेवलं, तर पुढच्या डिपॉझिटला जुनी चूक परत वर येते.

आधी पत्रिकेची स्वतःची ओळख तपासा

हे काम वर्षातून एकदा करायचं, तासाभरात होतं. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन, म्हणजे पत्रिकेचे आठ अंकी ओळख क्रमांक, वेगळे असतात. भारतात ते दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातून मिळतात. पत्रिकेचं नाव आयएसएसएनच्या नोंदीत जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, ओजेएसमध्ये, क्रॉसरेफमध्ये आणि मुखपृष्ठावर असायला हवं. मुखपृष्ठ देखणं दिसावं म्हणून नावात एखादा शब्द वाढवला, की नोंदी दोन पत्रिकांच्या होऊ लागतात. नावात ठळक बदल करायचाच असेल तर नवा आयएसएसएन घ्यावा लागतो.

आकडा टाइप करताना चुकलाय का, हे कागदावर तपासता येतं. समजा आयएसएसएन ०३७८-५९५५ आहे. पहिल्या सात आकड्यांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणा : ०, २१, ४२, ४०, २०, २७, १०. बेरीज १६०. तिला ११ने भागून उरतात ६. ११मधून ६ गेले, राहिले ५, आणि शेवटचा आकडा ५च आहे. उत्तर १० आलं तर शेवटी 'एक्स' असतो, बाकी शून्य उरली तर शून्य. आमच्या जुन्या लेटरहेडवर दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती आणि ती या हिशेबातूनच सापडली.

लेखकाकडून नोंद भरून घ्या, लेख स्वीकारल्याच्या दिवशीच

लेखक सर्वांत तत्पर असतो तो लेख स्वीकारल्याच्या ईमेलला उत्तर देताना. महिनाभराने विचारलं तर उत्तर यायला आठवडे लागतात, त्यामुळे माहितीचा तक्ता त्याच ईमेलला जोडा. त्यात प्रत्येक लेखकासाठी पहिलं नाव, आडनाव, तेच दोन्ही रोमन लिपीत, संस्था, शहर, ईमेल आणि ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक) असे वेगवेगळे रकाने ठेवा. 'पूर्ण नाव' असा एकच रकाना ठेवू नका. आपल्याकडे कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी शेवटी, आणि ते तोडण्याचं काम तुमच्या अंदाजावर येतं.

नावं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जास्त वेळ थांबते.

डॉ., प्रा., श्रीमती, ॲड. ही बिरुदं नावाच्या रकान्यात कधीही टाकू नका. पीडीएफवर छापायची असतील तर छापा. रकान्यात ती गेली की यंत्र त्यांनाच नाव समजतं.

वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात, पहिल्या नावानंतर येतं. ते ठेवायचं की आद्याक्षर लिहायचं की गाळायचं, हे लेखकाने ठरवायचं. मात्र एकदा ठरवलं की त्याने सगळीकडे तेच ठेवावं, हे त्याला आवर्जून सांगा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या कितीतरी संशोधक बायकांचं काम दोन नावांत विभागलेलं दिसतं. त्यांना ऑर्किड काढायला लावा. ते २०१२पासून चालू आहे, फुकट आहे, आणि तिथे जुनं नाव पर्यायी नाव म्हणून नोंदवता येतं. सोळा आकडी क्रमांक दोन्ही नावांच्या कामाला एकत्र बांधतो. पण तो क्रमांक लेखकाने स्वतः लॉगिन करून जोडलेला हवा. तुम्ही शोधून चिकटवला तर एकाच नावाच्या भलत्याच माणसाचा लागू शकतो. आमच्याकडे एका सामान्य आडनावाच्या बाबतीत असं होता होता राहिलं.

रोमन स्पेलिंगचा घोळ नागपुरात जरा जास्तच, कारण इथे मराठी आणि हिंदी दोन्ही वळणं चालतात. 'ज्ञानेश्वर' मराठी माणूस डी-एन-वाय लावून लिहितो, हिंदी वळणाने जी-वाय होतं आणि संस्कृत लिप्यंतराने जे-एन. 'वानखेडे' डब्ल्यूने की व्हीने? यातलं कुठलंच चूक नाही. त्या लेखकाच्या आधीच्या लेखांत जे असेल, तेच घ्या. स्वतः लिप्यंतर करू नका आणि कुठल्या संकेतस्थळाकडूनही करून घेऊ नका.

लेखकांचा क्रमही जपायला हवा. ओजेएसमध्ये सहलेखक नंतर जोडला की तो यादीच्या शेवटी जातो, मग पीडीएफमध्ये दुसरा असलेला नोंदीत चौथा होतो. क्रम पीडीएफशी जुळवून पाहा.

संस्था

संलग्न महाविद्यालयातले लेखक बरेचदा नुसतं विद्यापीठाचं नाव देतात. नोंदीत आधी महाविद्यालय हवं, मग शहर, राज्य, देश. एकाच थोर माणसाच्या नावाची महाविद्यालयं नागपूर, अमरावती, चंद्रपूर अशी अनेक ठिकाणी असतात, त्यामुळे शहर नसेल तर संस्था ओळखता येत नाही.

जुने अंक चढवताना वेगळाच प्रश्न येतो. नागपूर विद्यापीठ १९२३ सालचं. २००५मध्ये त्याचं नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झालं. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची संस्था १९५८मध्ये सुरू झाली तेव्हा केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था होती, नीरी हे नाव १९७४चं. व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी शिक्षणसंस्था २००२पर्यंत व्हीआरसीई होती. १९९८च्या लेखावर 'नागपूर विद्यापीठ' छापलं असेल तर नोंदीतही तेच ठेवा. आजचं नाव मागच्या काळावर चढवणं हे दस्तऐवजाशी अप्रामाणिक आहे. नावं एकमेकांशी जोडायला रोर हा संस्थांचा खुला क्रमांक आहे, २०१९पासून. जुनं असो वा नवं, संस्था एकच म्हणून क्रमांक एकच. तुमच्या ओजेएसच्या आवृत्तीत रोरची सोय असेल तर ती चालू करा आणि नेहमी येणाऱ्या वीस-पंचवीस संस्थांचे क्रमांक एका कागदावर लिहून टेबलाशी लावा.

शीर्षक आणि देवनागरीच्या खाचाखोचा

इंग्रजी पत्रिकांसाठीच्या मार्गदर्शिकांत हा भाग सापडत नाही. आपल्याला मात्र तो रोज नडतो.

पहिली तपासणी पीडीएफची. पीडीएफ उघडा, शीर्षकाची ओळ कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी जशीच्या तशी आली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला आला, तर डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर जुळवलाय. डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राला मराठीतलं एकही अक्षर दिसत नाही. असा लेख शोधात येणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून पुन्हा जुळवून घ्या आणि पुढच्या अंकापासून युनिकोडची अट कामाच्या पत्रातच लिहा.

दुसरी गोष्ट, दिसायला एक पण आतून वेगळी असलेली अक्षरं. 'विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांची पतव्यवस्था' असं शीर्षक घ्या. यातला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात स्वतंत्र 'ऱ' हे अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर फरक शून्य, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. 'ॲ'चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या कीबोर्डवर टाइप केलेल्या मजकुरात 'अ'वर चंद्र ठेवलेला असतो. आम्ही ठरवलंय : स्वतंत्र 'ऱ' आणि स्वतंत्र 'ॲ', सगळीकडे. मजकूर आला की शोधा-बदला करून हे दोन आधी सारखे करून घेतो.

तिसरी, विसर्ग आणि अपूर्णविराम. 'नागपुरी संत्रा: आंबिया बहारातील फळगळ' यात संत्र्यापुढे दोन टिंबांचं विरामचिन्ह हवं. पण घाईत तिथे विसर्ग पडतो आणि शब्द 'संत्राः' होऊन बसतो. शोधताना 'संत्रा' टाकणाऱ्याला तो सापडेलच असं नाही. आम्ही चिन्हाआधी एक जागा सोडतो, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते.

आणि हो, मराठीत 'नागपूर', हिंदीत 'नागपुर'. हिंदी लेखाच्या नोंदीत मराठी रूप घुसडू नका, मराठी लेखाच्या नोंदीत हिंदी नको.

लेख मराठीत असेल तर नोंदीत भाषा मराठीच निवडा. कितीतरी ठिकाणी ती आपोआप इंग्रजी राहिलेली असते. ओजेएसच्या भाषा-सेटिंगमध्ये फॉर्मसाठी मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालू केल्या, की शीर्षक, सारांश आणि नावं दोन्हीकडे भरता येतात. इंग्रजी शीर्षक लेखकाकडूनच घ्या. सारांश पेस्ट करताना सुरुवातीचा 'सारांश' हा शब्द काढा. बीजशब्द एकेक लिहून एंटर दाबा, नाहीतर स्वल्पविरामांसकट पूर्ण ओळ एकच बीजशब्द बनते.

वर्ष, अंक, पानं, तारीख

आपण मुखपृष्ठावर 'वर्ष ४, अंक २' असं छापतो. यातलं 'वर्ष ४' ओजेएसच्या खंडाच्या रकान्यात जातं आणि इसवी सन सनाच्या रकान्यात. नवा मदतनीस हमखास इथे गोंधळतो, कारण मराठीत दोन्हींना वर्षच म्हणतात. आमच्याकडे एक पूर्ण अंक असाच खंड २०१९ म्हणून चढला होता. खंड, अंक आणि पानांचे आकडे रकान्यात इंग्रजी अंकांतच लिहा. मराठी अंकांची जुळणी बाहेरच्या यंत्रणांना नीट जमत नाही. शीर्षकात मराठी अंक असले तरी चालतात.

जोडअंक असेल तर छापील अंकावर जसं आहे तसं, '३-४'. पण ही माहिती एक्सेलमधून आणत असाल तर जपा. एक्सेल ३-४ची तारीख करून टाकतं, १-१२ पानांचीही तारीखच होते. माहिती भरण्याआधी सगळे स्तंभ 'टेक्स्ट' करून घ्या, आणि सीएसव्ही करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतील.

तारखेबद्दल माझं मत ठाम आहे. जानेवारी-जूनचा अंक पुढच्या मार्चमध्ये निघाला, तर अंकाचं नाव जानेवारी-जून राहू द्या, पण ऑनलाइन प्रकाशनाची तारीख मार्चचीच टाका. उशीर झाल्याचं वाईट वाटतं, छपाईचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, हे सगळं मला माहीत आहे. तरी मागची तारीख टाकू नका. त्या तारखेवर कुणाचा तरी अग्रक्रम ठरतो, कुणाची तरी पात्रता ठरते.

संदर्भ आणि डीओआय

संदर्भयादी नोंदीसोबत क्रॉसरेफला पाठवली, तरच तुमचा लेख दुसऱ्याच्या लेखाला उद्धरण म्हणून जोडला जातो. ओजेएसमध्ये संदर्भांचा रकाना आधी सेटिंगमधून चालू करावा लागतो. एका ओळीत एक संदर्भ, आणि ज्याला डीओआय आहे त्याच्या शेवटी तो लिहायचा.

डीओआयचा सुरुवातीचा भाग प्रकाशकाला मिळालेला असतो आणि तो १०ने सुरू होतो. तिरक्या रेघेनंतरचा भाग तुम्ही ठरवता. त्यात सन, खंड, पान भरण्याचा मोह टाळा. पुढे पान बदललं तर डीओआय बदलता येत नाही, पुसता तर येतच नाही. साधा अनुक्रम पुरे. पीडीएफवर डीओआय पूर्ण दुव्याच्या रूपात छापा आणि ज्या दिवशी लेख प्रसिद्ध होतो त्याच दिवशी डिपॉझिट करा. छापलेला डीओआय दाबला आणि उघडला नाही, तर वाचक लेखावरच शंका घेतो.

प्रसिद्ध करण्याआधी दोन माणसांनी वाचायचं

आमच्याकडे एक जण पीडीएफचं पहिलं पान मोठ्याने वाचतो, दुसरा पडद्यावरच्या नोंदीवर बोट ठेवतो. वीस लेखांच्या अंकाला दीड तास लागतो. त्यानंतर नोंदीचं चित्र लेखकाला व्हॉट्सॲपवर जातं आणि 'बरोबर आहे' असं उत्तर आल्याशिवाय लेख प्रसिद्ध होत नाही. प्रुफं तपासताना लेखक स्वतःचं नाव वाचत नाही; नोंदीचं सुटं चित्र आलं की वाचतो.

लेख प्रसिद्ध झाल्यावर दुसऱ्या दिवशी डीओआय दाबून पाहा आणि क्रॉसरेफच्या मेटाडेटा सर्चमध्ये शीर्षक टाकून नोंद कशी पोचली ते बघा.

नंतर चूक सापडली तर

स्पेलिंग, संस्था, पान अशी चूक असेल तर मूळ नोंद सुधारून पुन्हा डिपॉझिट करा. क्रॉसरेफ नोंद सुधारण्याचे पैसे घेत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं आणि खर्चाच्या भीतीने चुका तशाच राहतात. पाठवताना नोंद पूर्ण पाठवायची, फक्त बदललेली ओळ नको. एक्सएमएल हाताने बनवत असाल तर त्यातला वेळशिक्का आधीच्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर नवी नोंद नाकारली जाते. गूगल स्कॉलरवर बदल दिसायला अनेक महिने लागतात, कधी वर्षही. हे लेखकाला आधीच सांगा.

लेखक वाढवणं, कमी करणं, आकडेवारी बदलणं हे गुपचूप करायचं नाही. त्यासाठी स्वतंत्र दुरुस्तीपत्र, त्याला स्वतःचा डीओआय, आणि मूळ लेखाशी जोड. लेख मागे घ्यावा लागला तरी तो संकेतस्थळावरून काढू नका. शीर्षकाच्या सुरुवातीला मागे घेतल्याचा स्पष्ट उल्लेख करा, पीडीएफच्या प्रत्येक पानावर तसा शिक्का टाका आणि कारण सांगणारं निवेदन वेगळं प्रसिद्ध करा. गुपचूप बदल न करण्याच्या या नियमाला एकच अपवाद मी करते. एखाद्या लेखकाने वैयक्तिक कारणाने स्वतःचं नाव बदललं आणि जुन्या लेखातही ते बदलून मागितलं, तर निवेदनाशिवाय, कारण न विचारता बदलते. ते कारण जगाला सांगणं आपलं काम नाही.

दर महिन्याचं काम

क्रॉसरेफ तुमच्या ईमेलवर उघडत नसलेल्या डीओआयची माहिती पाठवतं आणि एकाच लेखाला दोन डीओआय गेले असतील तर तेही कळवतं. हे ईमेल ज्या पत्त्यावर येतात, तो पत्ता निवृत्त झालेल्या संपादकांचा नाही ना, हे आजच बघा. पत्रिकेच्या नावाचा सामाईक ईमेल काढा. क्रॉसरेफच्या पार्टिसिपेशन रिपोर्टमध्ये सदस्य म्हणून नोंदलेल्या प्रकाशकाचं नाव टाकलं की किती टक्के लेखांना सारांश, ऑर्किड, संदर्भ जोडलेत ते फुकट दिसतं. आम्ही तो आकडा संपादक मंडळाच्या बैठकीत ठेवतो.

महाविद्यालयाचं संकेतस्थळ नव्या माणसाकडे सोपवायचं ठरलं, तर पत्रिकेचे पत्ते बदलणार का, हे करार होण्याआधी विचारा. बदलणार असतील तर प्रत्येक डीओआयसमोर नवा पत्ता लिहिलेली यादी तयार करून क्रॉसरेफकडे पाठवा. एकत्र बदल करता येतो. आणि जुनं संकेतस्थळ बंद करण्याआधी निदान पंचवीस डीओआय स्वतः दाबून पाहा, त्यातले पाच तरी सर्वांत जुन्या अंकातले घ्या.